भेटीआधी मागितलेले पैसे

पत्र: मी ५३ वर्षांचा, राज्य शासनाच्या सेवेतला अविवाहित पुरुष आहे. गेल्या वर्षी आई गेली आणि तेव्हापासून त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहतो. मला पुरुषांचे आकर्षण आहे, हे आजवर कुणालाही सांगितलेले नाही. या वयात जोडीदार मिळेल अशी आशाही आता उरलेली नाही. पैसे देऊन सोबत मिळते असे वाचले, म्हणून ‘नागपूर मेल एस्कॉर्ट’ अशा जाहिरातीतल्या क्रमांकावर संपर्क केला. त्यांनी सदस्यत्वाचे म्हणून २,१०० रुपये घेतले आणि आता परत मिळणारी अनामत म्हणून ६,५०० मागत आहेत. दुसरीकडे एका डेटिंग अ‍ॅपवरच्या मुलाने तासाचे ३,००० सांगितले आहेत, पण ‘प्लेस तुमची’ असे तो म्हणतो. यांतले खरे कोणते? रास्त दर किती? आणि मुळात हा गुन्हा आहे का?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर एका ओळीत देता येते, म्हणून ते आधी देते: ते ६,५०० रुपये पाठवू नका. हे उत्तर छापून येईपर्यंत पाठवून झाले असतील, तर त्यापुढचे पाठवू नका, कारण पुढची मागणी ठरलेलीच आहे. अनामतीनंतर हॉटेलच्या पासाचे पैसे निघतात, मग जीएसटी निघतो, मग ‘तुमचे खाते पडताळणीत अडकले आहे, एवढे भरा म्हणजे सगळे एकदम परत होईल’ असा निरोप येतो. गेलेले पैसे सोडवण्यासाठीच माणूस पुढचे पैसे टाकत राहतो. २,१०० रुपये बुडाले हे ज्यांना स्वतःशी कबूल करता आले नाही, त्यांचे वीस-पंचवीस हजार गेलेले मी माझ्या वकिलीच्या टेबलावर पाहिले आहेत. ज्या दिवशी तुम्ही हात आखडता घ्याल, त्या दिवशी बहुधा वेगळ्याच क्रमांकावरून फोन येईल. बोलणारा स्वतःला सायबर सेलचा अधिकारी म्हणवेल, तुमचे नाव कुठल्याशा रॅकेटमध्ये आल्याचे सांगेल आणि प्रकरण मिटवण्याची रक्कमही सांगेल. पोलीस यूपीआयवर तडजोडीचे पैसे घेत नाहीत आणि ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. तेव्हा वाद न घालता फोन ठेवून द्यावा आणि क्रमांक मात्र जपून ठेवावा.

या दुकानाची दुसरी खिडकीही तुम्हाला दाखवते. काही काळापूर्वी बुटीबोरीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर असलेला तरुण माझ्याकडे आला होता. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि अंगठ्याने एकेक पावती वर सरकवत गेला: नोंदणी ९९९, ओळखपत्र १,५००, आरोग्य तपासणी २,२००, ‘मॅडमच्या हॉटेलचा पास’ ३,०००. ते ओळखपत्रही त्याच्या फोनमध्ये होते. आधार कार्डावरचाच त्याचा फोटो, वर अशोकस्तंभ आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्लेबॉय’. मला हसू आले आणि लगेच स्वतःचा रागही आला, कारण तो मुलगा खाली मान घालून बसला होता. ‘भेट त एकही नाही झाली मॅडम, पैसेच गेले फक्त,’ एवढेच तो म्हणाला. त्याला काम हवे होते आणि तुम्हाला सोबत हवी आहे. दोघांकडून सदस्यत्वाचे पैसे घेणारी माणसे एकाच जातकुळीची असतात आणि ती कुणालाही काहीही पुरवत नाहीत. पैसे मोजायला श्रीमंत बायका रांगेत उभ्या आहेत, हे त्या जाहिरातींतले चित्र खोटे आहे. पुरुषांकडून अशी सेवा विकत घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुषच असतात. या व्यवहारात विकायला खरा माल कोणताच नसतो. तुम्ही तक्रार करायला जाणार नाही ही खात्री, एवढ्याच भांडवलावर तो चालतो.

अ‍ॅपवरच्या मुलाने आगाऊ काही मागितलेले नाही, म्हणून तो खरा असण्याची शक्यता अधिक आहे. मात्र खरा म्हणजे सुरक्षित, असे समजू नका. त्याकडे वळण्याआधी दराचे बोलू.

या व्यवसायाला दरपत्रक नाही आणि पावतीही नाही, त्यामुळे ‘रास्त’ हा शब्द इथे दोन माणसांमध्ये जे ठरेल त्यालाच लागू होतो. तरीही ३,००० या आकड्यात काय काय आहे, हे उलगडून पाहता येते. एका तासाच्या भेटीसाठी समोरच्याची सगळी संध्याकाळ जाते: जाण्यायेण्याचे भाडे असते, ठरवून ऐनवेळी फोन बंद करणाऱ्या ग्राहकांमुळे बुडालेले दिवस असतात, आणि अनोळखी माणसाच्या घरात एकट्याने शिरण्याचा धोका असतो, जो त्याच्याही वाट्याला तेवढाच येतो जेवढा तुमच्या. मध्यस्थ असेल तर त्याचा वाटा आधी निघतो. सर्वांत महाग वस्तू मात्र जागा. ज्याच्याकडे ‘प्लेस’ आहे त्याचा दर चढा असतो, कारण घरमालक, शेजारी आणि पोलीस या तिघांची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर असते. ‘प्लेस तुमची’ म्हणताना तो खोलीचा खर्च आणि ती तलवार, दोन्ही तुमच्याकडे सरकवतो आहे. म्हणून स्वतःची जागा असलेल्याच्या दराशी त्याच्या ३,००० ची तुलना करू नका.

वर्षाचाही हिशेब करा. महिन्यातून दोनदा म्हटले तरी ६,००० रुपये होतात, वर्षाचे ७२,००० होतात, आणि ५८ व्या वर्षी निवृत्त होईपर्यंतच्या पाच वर्षांत ३,६०,००० होतात. हा खर्च वाईट असे मला म्हणायचे नाही. माणसे याहून निरर्थक गोष्टींवर याहून जास्त उडवतात. पण कुठेही लिहून न ठेवलेला खर्च किती झाला हे कळत नाही, आणि एकटेपणा जेवढा दाटेल तेवढी भेटींची संख्या वाढते. महिन्याची मर्यादा आजच, शांत डोक्याने ठरवावी.

आता कायदा. पुरुषांनी पुरुषांशी खासगीत, परस्परसंमतीने संबंध ठेवणे हा ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्हा राहिलेला नाही. त्यामुळे तुमच्या आकर्षणाबद्दल कुणी कायद्याची धमकी देत असेल तर ती पोकळ आहे. पैशांच्या व्यवहाराला मात्र वेगळा कायदा लागतो, १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. १९८६ च्या दुरुस्तीने त्याची भाषा स्त्रियांपुरती न राहता सर्व व्यक्तींना लागू झाली. दोन सज्ञान व्यक्तींनी खासगी जागेत पैसे घेऊन-देऊन संबंध ठेवणे एवढ्यालाच हा कायदा थेट गुन्हा म्हणत नाही; कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे, या कामासाठी माणसे मिळवून देणे आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक शोधणे यांना तो शिक्षा देतो. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान व्यक्तींना छाप्यात अटक करू नये, त्यांचा छळ करू नये, असे बजावले. हा दिलासा काम करणाऱ्याला आहे, ग्राहकाला नाही, आणि वाचताना लोक नेमके हेच विसरतात.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम ७ वे आहे. सार्वजनिक प्रार्थनास्थळ, शैक्षणिक संस्था, वसतिगृह किंवा रुग्णालय यांपासून २०० मीटरच्या आत असा व्यवहार झाला, तर तो करणारा आणि ज्याच्याशी तो केला गेला तो, अशा दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन चारी बाजूंना पाहा. एखादे देऊळ, एखादी प्राथमिक शाळा, एखादे नर्सिंग होम दोनशे मीटरच्या आत नाही अशी जागा आपल्या शहरात शोधूनही सहज सापडायची नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी आपल्या शहरातल्या गंगा-जमुना या देहविक्रयाच्या वस्तीची नाकेबंदी केली, तेव्हा आधार याच कायद्याचा होता. माणसे पुरवण्यासंबंधीचे कलम ५ ग्राहकाला लागू होते की नाही, याबद्दल उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. घराच्या बंद दाराआड घडणाऱ्या गोष्टीपर्यंत पोलीस सहसा पोचत नाहीत, हे खरे. पण कुणी मुद्दाम पोचवले तर तुमची बाजू भक्कम असेलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. त्यात तुम्ही शासकीय सेवेत आहात. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियमांनुसार ४८ तासांपेक्षा अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित मानला जातो. तीन महिन्यांची शिक्षा न्यायालयात टिको न टिको, कार्यालयात त्या दोन दिवसांचे काय होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

हे सगळे वाचूनही तुम्ही भेटायचे ठरवले, तर तो तुमचा सज्ञान माणसाचा निर्णय आहे आणि पुढचे त्या दृष्टीने वाचावे.

पहिली भेट घरी नको. शंकरनगर किंवा धरमपेठेत, दिवसाउजेडी, जिथे दहा माणसे चहा पीत बसलेली असतात तिथे अर्धा तास बसावे, आणि तो अर्धा तासही त्याच्या कामाचा वेळ आहे हे ध्यानात ठेवून त्याचे पैसे द्यावेत. टेबलावर व्यवहाराची बोलणी करू नयेत, कारण सार्वजनिक जागी अशी बोलणी करणे हेच कायद्याच्या कक्षेत येऊ शकते; माणूस पाहावा, एवढ्यासाठी ती भेट. फोटोतला तोच आहे का, एकटा आला आहे का, फोनवरून सारखा कुणाला तरी काही कळवतो किंवा विचारतो आहे का, तुमचे कार्यालय, पगार आणि घरी कोण असते याचीच चौकशी अधिक करतो आहे का, हे तिथे उमगते. अ‍ॅपवर ओळख करून एकट्या माणसाच्या घरी पोचायचे, मागून दोन-तीन साथीदार आत घ्यायचे आणि मारहाण करून मोबाइलवरून पैसे वळते करायचे, ही पद्धत अनेक शहरांत वापरली गेली आहे. तिचे सावज तुमच्यासारखे एकटे राहणारे, नोकरी असलेले आणि घाबरलेले गृहस्थच असतात.

हॉटेल घेतले तर दोघांची ओळखपत्रे लागतात, त्यांच्या प्रती तिथे राहतात आणि मार्गिकेत कॅमेरा असतो. लग्न न झालेल्या दोन सज्ञान व्यक्तींनी खोली घेण्यात गैर काही नाही. घरी बोलावले तर सोसायटीच्या दारावरचे अ‍ॅप येणाऱ्याचा फोटो काढते आणि ‘भेट द्यायला कोणत्या फ्लॅटमध्ये’ हेही नोंदवून ठेवते, याचा विचार आधी करावा. माझे स्वतःचे मत विचाराल तर नोंद हॉटेलच्या रजिस्टरात झालेली बरी, शेजारच्या काकूंच्या स्मरणात झालेली वाईट. पण घर असो वा हॉटेल, कलम ७ चा धोका दोन्हीकडे सारखाच असतो.

पैशाचे नियम थोडे आणि कडक ठेवावेत. रक्कम आणि वेळ आधी एकदाच ठरवावी. भाजीबाजारातली घासाघीस इथे नको. समोरचा प्रत्यक्ष आल्यावर सुरुवातीलाच ठरलेली रक्कम रोख हातात ठेवावी. काम झाल्यावर कमी देणे किंवा ‘आज एवढेच आहेत’ म्हणणे ही उघड फसवणूक आहे, आणि त्याला तक्रार करता येत नाही म्हणून ती अधिकच वाईट आहे. यूपीआय नको, कारण त्यावर बँकेतले तुमचे पूर्ण नाव उमटते. आल्यावर त्याने दर दुप्पट सांगितला, तर ठरलेले पैसे द्यावेत, दार उघडावे आणि भेट तिथेच संपवावी. घरात त्या दिवशी लागेल एवढीच रोकड असावी. आईचे दागिने अजून कपाटात असतील तर ते आधी बँकेच्या लॉकरमध्ये न्यावेत.

चेहरा दिसेल असे विवस्त्र छायाचित्र कुणालाही पाठवू नका आणि व्हिडिओ कॉलवर कपडे उतरवू नका, मग समोर कितीही गोड बोलणारा असो. तो कॉल रेकॉर्ड होतो आणि दहा मिनिटांत तुमच्या संपर्क यादीतल्या नावांसह परत येतो. तसे झालेच तर एक रुपयाही देऊ नका, कारण पहिला हप्ता मिळाला की धमकी देणाऱ्याला तुमची भीती किती रुपयांची आहे ते कळते. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे आणि संमतीशिवाय खासगी अवयवांचे चित्रण करणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली. तुम्ही तिथे का गेलात, यामुळे समोरच्याचा गुन्हा कमी होत नाही.

एका बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. मुलगा अठराच्या आतला असल्याची पुसटशी शंका आली तरी भेट रद्द करा. ‘त्याने एकोणीस सांगितले होते’ हा बचाव पॉक्सो कायद्यापुढे सहजी टिकत नाही आणि अल्पवयीनाच्या संमतीला तिथे काही अर्थ नाही. फोनवर कुणी तिसराच बोलत असेल, पैसे तिसऱ्याच्याच हातात जात असतील, मुलाच्या अंगावर मार दिसत असेल किंवा खाली कुणी त्याची राखण करीत उभे असेल, तरीही हेच करा. तस्करी करून आणलेल्या माणसाकडे जाणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १४४ खाली कैद आहे. कायदा नसता तरी माझे सांगणे तेच राहिले असते.

तब्येतीबद्दल संकोच सोडा. कंडोम स्वतःचे, तारीख पाहून घेतलेले आणि पाण्यावर आधारित वंगणाबरोबर वापरावेत. खोबरेल किंवा व्हॅसलीनने रबर फाटते. हिपॅटायटिस ब ची लस तीन मात्रांत, सहा महिन्यांत पुरी होते, ती आजच सुरू करता येईल. कंडोम फाटला किंवा वापरला गेला नाही, तर उजाडण्याची वाट पाहू नका. एचआयव्ही रोखणारी प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या दोन्ही शासकीय रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी व समुपदेशन मोफत आहे, आणि १०९७ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही विचारता येते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमचा अहवाल तुमच्या संमतीशिवाय कुणालाही, अगदी तुमच्या कार्यालयालाही, सांगण्यास मनाई केली आहे.

पत्रातले ‘या वयात आशाही उरलेली नाही’ हे वाक्य मला पटले नाही, आणि त्यावर उपदेश करण्याचा हा स्तंभही नाही. एवढेच सांगते की सारथी ट्रस्ट ही संस्था आपल्याच शहरात समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींसाठी काम करते. तिथे जाऊन एक कप चहा पिण्याला अनामत लागत नाही. पैसे देऊन भेटणे आणि अशा माणसांत मिसळणे यांपैकी एकच निवडावे असेही नाही. पण ज्याला आपली गोष्ट माहीत असलेला एक तरी माणूस शहरात आहे, त्याला घाबरवणे अवघड जाते.

राहिले ते २,१०० रुपये. ते परत मिळतील असे मी म्हणणार नाही, पण तक्रार करावी. १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा, आणि जितक्या लवकर कराल तितकी रक्कम त्या खात्यात गोठवली जाण्याची संधी अधिक. सेवा कोणती होती याचा पाल्हाळ लावण्याची गरज नाही. सदस्यत्वाच्या नावाखाली पैसे घेऊन फसवले आणि आता आणखी मागत आहेत, हे पूर्ण सत्य आहे आणि तक्रारीला तेवढे पुरते. विचारले तर मात्र खोटे सांगू नका. त्यांच्याशी झालेले संदेश लाजेने पुसून टाकू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. यूपीआयच्या पावतीवर बारा आकडी व्यवहार क्रमांक असतो, तो एका कागदावर उतरवून मगच फोन लावा, कारण पलीकडचा कर्मचारी सर्वांत आधी तोच विचारतो.